तालिकाकारापासून प्रबंध-पडताळणीपर्यंत : विद्यापीठ ग्रंथालयांतील बदलती कामे

भारतात ग्रंथपालनाचे रीतसर शिक्षण १९११ साली बडोद्यात सुरू झाले. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांनी तो वर्ग चालवला. विद्यापीठ ग्रंथालयांत मात्र या व्यवसायाला विद्वत्तेचे वजन मिळवून दिले ते गणिताची प्राध्यापकी सोडून १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या शि. रा. रंगनाथन यांनी. १९३३ साली पुस्तकांची विषयवार विभागणी करणारी त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती (कोलन क्लासिफिकेशन) प्रसिद्ध झाली. वर्गीकरण आणि तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या सूचीनोंदी तयार करणे, ही कारकुनी नसून विषयाची जाण मागणारी कामे आहेत, हे त्यांनी पटवून दिले. पुढे कित्येक दशके तालिका विभागाला ग्रंथालयात जो मान राहिला, त्याचे मूळ येथे आहे.

स्वातंत्र्यानंतर विज्ञानविषयक नियतकालिके वाढली आणि पुस्तकाऐवजी लेख हा शोधाचा घटक ठरला. १९५२ साली दिल्लीत इन्सडॉक हे राष्ट्रीय वैज्ञानिक प्रलेखन केंद्र स्थापन झाले, १९६२ साली रंगनाथन यांनी बंगळूरमध्ये प्रलेखनाचे, म्हणजे संशोधकांना हवे ते लेख शोधून त्यांची माहिती पुरवण्याचे, प्रशिक्षण केंद्र उभे केले आणि ‘प्रलेखनकार’ हा नवा तज्ज्ञ पुढे आला.

तालिकाकाराचे स्थान हलले ते संगणकामुळे. अमेरिकेत १९६०च्या दशकात हेन्रिएट अव्रम यांनी यंत्राला वाचता येईल असा नोंदीचा साचा तयार केला, त्यामुळे एकदा केलेली नोंद इतर ग्रंथालयांना जशीच्या तशी घेता येऊ लागली. आपल्याकडे १९९१ साली सुरू झालेल्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याने विद्यापीठांना सामायिक सूची आणि ‘सोल’ ही ग्रंथालयाची कामे सांभाळणारी संगणक प्रणाली दिली. तालिका विभागांचे काम त्यामुळे घटले. पण नोंदीतली चूक ओळखणारी नजर आजही तिथेच घडते, असे माझे मत आहे.

यानंतरचे बदल नियमांतून आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि ती ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढवण्याचे काम ग्रंथालयांकडे आले. २०१८च्या नियमांनी वाङ्मयचौर्याचे स्तर ठरवले: दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, साठ टक्क्यांपुढे संशोधकाची नोंदणीच रद्द. प्रबंध इतर मजकुराशी ताडून पाहणाऱ्या संगणक प्रणालीने दाखवलेला टक्का म्हणजे चौर्य नव्हे. अवतरणे आणि संदर्भसूची वगळून तो वाचावा लागतो, आणि हे वाचन अनेक ठिकाणी ग्रंथपालच करतात.

पदनामे मात्र ग्रंथपाल, उपग्रंथपाल आणि सहायक ग्रंथपाल हीच राहिली आहेत. ती श्रेणी सांगतात, काम सांगत नाहीत. त्यामुळे प्रबंध-पडताळणीचे कौशल्य आज पुष्कळांकडे असूनही त्याच्या नावाचे पद नाही.