छडीचं लाकूड : जादूगारांच्या जगातली झाडं आणि आपलं रान

जादूगारांच्या गोष्टीत छडी कुणाची, याइतकंच ती कोणत्या झाडाची यालाही वजन असतं. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात अशा गोष्टी मराठीतून लिहिणाऱ्यांपुढे, शाळेच्या गॅदरिंगसाठी छड्या कातून घेणाऱ्यांपुढे एकच अडचण येते. इंग्रजी गोष्टींतल्या छड्या हॉली, यू, रोवन, एल्डर अशा युरोपी झाडांच्या, आणि यांतलं एकही झाड इथल्या रानात नाही. मग बहुतेक जण इंग्रजी नावं जशीच्या तशी ठेवतात, कारण छडीच्या झाडांची ती यादी फार प्राचीन आहे आणि तिला हात लावू नये असा समज आहे. तो समज तपासायला हवा.

छडीची कुळकथा सांगायची रीत, म्हणजे अमुक लाकूड, अमुक गाभा, अमुक इंच, ही १९९७ पासून आलेल्या जादूच्या शाळेच्या ‘हॅरी पॉटर’ या इंग्रजी मालिकेमुळे घरोघरी पोचली. नायकाला हॉली मिळाला, शत्रूला यू. निवड विचारपूर्वक होती. हॉली ऐन हिवाळ्यात हिरवा राहतो आणि अभद्र घराबाहेर ठेवतो अशी तिकडची श्रद्धा. यू चर्चच्या आवारात, कबरींच्या सोबतीला असतो. बीभोवतीचा लाल मगज सोडला तर सगळं झाड विषारी. लेखिकेने पुढे स्वतःच सांगितलं की नायकाचं लाकूड आधी ठरलं होतं, आणि त्याची जन्मतारीख, ३१ जुलै, ‘केल्टिक वृक्षपंचांगा’त हॉलीच्याच महिन्यात पडते हे मागाहून लक्षात आलं. योगायोग आवडला म्हणून नायकाच्या दोन जिवलगांनाही त्याच पंचांगातून लाकूड दिलं गेलं: १ मार्चला जन्मलेल्या मुलाला ॲश, १९ सप्टेंबरच्या मुलीला द्राक्षवेल. बाकी बहुतेक पात्रांना हा नियम लावलेला नाही. तरीही ‘जन्मतारखेवरून छडीचं लाकूड’ हीच गोष्ट वाचकांच्या मनात रुजली, आणि आज जन्मतारीख घालून लाकूड सांगणारे तक्ते सगळीकडे फिरतात.

ते पंचांग असं आहे: २८ दिवसांचा एक असे १३ महिने, म्हणजे ३६४ दिवस, आणि एक दिवस मोकळा. २४ डिसेंबरला बर्च सुरू होतो, मग रोवन, ॲश, आल्डर, विलो, हॉथॉर्न, ओक, हॉली, हेझल, द्राक्षवेल, आयव्ही, बोरू आणि शेवटी एल्डर. वाचताना हजारो वर्षांचं वाटतं. प्रत्यक्षात ते १९४८ साली एका इंग्रज कवीच्या पुस्तकातून लोकांसमोर आलं. त्याने ओघम ही जुनी आयरिश लिपी घेतली आणि तिच्या व्यंजनांच्या नावांवर महिने बसवले. ओघम खरोखर जुनी आहे. तिचे दगडावरचे लेख मुख्यतः इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकातले आहेत. पण तिच्या मूळच्या २० अक्षरांपैकी काहींचीच नावं नक्की झाडांची आहेत. बर्च, आल्डर, विलो, ओक, हेझल ही खात्रीची. उरलेल्या अक्षरांना झाडं चिकटवली ती मध्ययुगातल्या टीकाकारांनी, आणि अक्षरांचे महिने कुणीच केले नव्हते. केल्टिक लोकांचं खरं पंचांग सापडलंय तेही पाहावं. फ्रान्समध्ये १८९७ साली काशाच्या एका मोठ्या पत्र्याचे तुकडे मिळाले. त्यावरचे महिने चांद्र आहेत, आपल्यासारखाच अधिक महिना आहे, आणि झाडाचं नाव कुठेही नाही.

यादीच्या पोटातच तिच्या वयाचा पुरावा आहे. द्राक्षवेल आयर्लंडमध्ये मुळात उगवत नाही. बोरू तर गवत आहे, त्याची लेखणी होते, छडी होत नाही. आयव्ही भिंतीवर चढणारा वेल. झाडांचं म्हणून सांगितलेलं पंचांग तेरातल्या तीन जागी झाड सोडून देतं. कवीची कल्पना म्हणून ते सुंदर आहे, त्यावर कादंबरीही उभी राहू शकते. पण ‘मूळ परंपरा बदलू नये’ म्हणून मराठी गोष्टीत हॉथॉर्न ठेवायचं कारण त्यात नाही. जी परंपरा राखली जाते आहे ती एका माणसाच्या आयुष्याहून फारशी मोठी नाही.

त्याआधीचा युरोप थोडक्यात सांगता येतो, कारण तिथे छडी हे बरंचसं कामाचं हत्यार होतं. १५५६ साली छापलेल्या खाणकामाच्या एका लॅटिन ग्रंथात धातू शोधणाऱ्यांच्या दुबेळक्या काठ्यांची वाटणी दिली आहे: चांदीला हेझल, तांब्याला ॲश, शिसं आणि कथलाला पाइन, सोन्याला लोखंडाची. ग्रंथकाराचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता, पण रीत त्याने नीट नोंदवली. मांत्रिकांच्या पोथ्यांत छडीसाठी हेझलचा एकाच वर्षाचा फोक, बुधवारी सूर्योदयाला, एका घावात तोडावा असं आहे. वाराचं महत्त्व ज्याचं त्याने ठरवावं. एका वर्षाच्या फोकाला फांद्या फुटलेल्या नसतात, म्हणून तो सरळ आणि बिनगाठी मिळतो, हे कोणताही सुतार मान्य करील. आपल्याकडे दुष्काळी बाजूला, अथणी-चिकोडीकडे, विहिरीची जागा पाहणारा पाणाड्या हातात दुबेळकं धरतो ते याच घराण्यातलं.

आता आपल्या बाजूचा साठा. छडीला लाकूड नेमून देणारे नियम आपल्याकडे लिखित आहेत आणि १९४८ च्या कितीतरी आधीचे आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुंजीच्या दंडाचं लाकूड वर्णानुसार दिलंय: बेल किंवा पळस, वड किंवा खैर, पिलू किंवा उंबर. लांबीही वर्णानुसार, केसांपर्यंत, कपाळापर्यंत, नाकापर्यंत. ही वर्णाची वाटणी कुणी गोष्टीत आणू नये असं स्पष्ट वाटतं. जादूच्या शाळेत जन्मावरून माणसं निवडणारी बाजू नेहमी खलनायकाची असते, तशीच ती इथेही ठरेल. घेण्यासारखं आहे ते पुढचं: दंड सरळ असावा, त्याला जखम नसावी, साल असावी, आगीने पोळलेला नसावा, पाहणाऱ्याला भीती वाटू नये. आणि माप इंचात न घेता अंगावरून घ्यावं. मालिकेतल्या छड्या साधारण ९ ते १४ इंचांच्या असतात. मोठ्या माणसाची वीत सुमारे ९ इंच, म्हणजे इथली छडी एक ते दीड वीत, तीही धरणाऱ्याच्याच हाताने मोजलेली.

यज्ञाच्या पात्रांतही लाकूड ठरलेलं असे. स्रुव खैराचा, जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची. नवग्रहांच्या समिधा तर अजून दुकानात जुड्या करून मिळतात: सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहू-केतूला दूर्वा आणि दर्भ. जन्मावरून झाड हवंच असेल तर २७ नक्षत्रवृक्ष आहेत. अश्विनीला काजरा, कृत्तिकेला उंबर, रोहिणीला जांभूळ, मृगाला खैर, पुनर्वसूला वेळू, चित्रेला बेल, उत्तराषाढेला फणस, उत्तराभाद्रपदेला कडुनिंब. काही नक्षत्रांची झाडं ग्रंथागणिक बदलतात, पण वरची सगळी झाडं खानापूर तालुक्याच्या रानात, परड्यात किंवा देवळापाशी दाखवता येतात.

झाडाची परवानगी घेण्याची चालही दोन्हीकडे आहे. डेन्मार्कमध्ये एल्डर तोडण्याआधी त्यात राहणाऱ्या म्हातारीला विचारत. बृहत्संहिता या जुन्या संस्कृत ग्रंथात मूर्तीसाठी झाड तोडण्याचा पूर्ण विधी आहे: आदल्या रात्री पूजा आणि बळी, इथे राहणाऱ्या भूतांनी दुसरीकडे मुक्काम करावा आणि क्षमा करावी अशी प्रार्थना, मग सकाळी मध-तूप लावलेल्या कुऱ्हाडीचा पहिला घाव. स्मशानातलं, देवळातलं, वीज पडलेलं, वेलींनी जखडलेलं झाड वर्ज्य. देवराईतली काटकीही घरी न नेणाऱ्या गावांत हे समजावून सांगावं लागत नाही. दसऱ्याला बेळगावात मराठी घरातून आपट्याचं पान येतं आणि कन्नड शेजाऱ्याकडून बन्नीचं, म्हणजे शमीचं. पांडवांची शस्त्रं वर्षभर जिने लपवली तीच शमी. छड्या जप्त झालेल्या जादूगारांना त्या लपवायला याहून चांगलं झाड कोणतं?

उरला प्रश्न कशाच्या जागी काय. अर्थावरून जोड्या लावत बसलं की वाद संपत नाहीत. लाकडाच्या गुणावरून लावल्या तर बऱ्याच सुटतात.

हॉलीचं लाकूड पांढरं आणि दाट कणाचं असतं. तसाच काळा कुडा, चन्नपट्टणची खेळणी ज्याची होतात तो. ओला असताना चीक असतो. तोडून तसाच पडू दिला तर बुरशीने निळसर डाग पडतात, ते कातूनही जात नाहीत. त्यामुळे तोडल्यावर आठवड्याच्या आत चिरून, टोकांना मेण किंवा रंग लावून, सावलीत आडव्या पट्ट्यांवर रचावा. ॲशची जागा धामणीची. लवचीक, धक्का सोसणारी, कुऱ्हाडीचे दांडे हिचेच. यूला काजरा, बिया आणि साल दोन्ही विषारी, आणि अश्विनी नक्षत्राचा म्हणून पहिला. पण काजऱ्याची छडी गोष्टीतच ठेवावी. त्याचा भुस्सा नाकातोंडात जाऊ देण्यात अर्थ नाही. बिब्ब्याचंही तेच, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. काळी छडी हवी तर शिसव आहे, तिच्या भुश्शानेही काहींना खाज सुटते, तोंडाला फडकं हवंच. विलोला सख्खा नातलग आहे, सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचा वाळुंज. आणि द्राक्षवेल तर अथणी भागात शेतात उभी आहे. छाटणीत निघणाऱ्या काड्या उपयोगाच्या नाहीत, आत भेंड असतं. बाग काढून टाकताना निघणारं जुनं खोड मागून घ्यावं. ते पिळलेलं असतं, वाळताना हमखास चिरतं, म्हणून दुप्पट जाडीचे तुकडे ठेवावेत.

एल्डरला उंबर द्यावा. उंबराला हात लावायला इथे कुणी धजत नाही, नरसोबाच्या वाडीला जाणारी माणसं तर नाहीच, आणि मालिकेतली सर्वात बलाढ्य छडी एल्डरची, तिच्याभोवती असा धाक हवाच. वादळात पडलेली फांदी चालते. लाकूड हलकं, किडा लगेच धरतं. वाळवण्याआधी टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या साधारण ५ टक्के पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवावं.

कातण्यासाठी २२ मिमी चौरस, १५ इंच लांब तुकडा पुरतो. लाकडाच्या नसेची रेषा टोकापर्यंत सलग गेलेली हवी. ती मध्येच बाजूला पडत असेल तर छडी तिथेच मोडते, मग लाकूड कितीही कठीण असो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात वाळवण पुढे सरकतच नाही. दिवाळीनंतर रचलेले तुकडे दर आठवड्याला तोलावेत आणि सलग तीन वेळा वजन तेच भरलं की लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, चढवावेत. गाभा भरायचा असेल तर ३ मिमीचं भोक मुठीच्या बाजूने ४ इंच खोल, कातण्याआधी पाडावं आणि लेथच्या फिरत्या बाजूचं टोक त्याच भोकात टेकवावं, म्हणजे भिंत सगळीकडून सारखी राहते. आधी कातून मग भोक पाडणाऱ्यांचा ड्रिल नसेबरोबर वाकडा जातो आणि बाजूने बाहेर येतो. छडीचं बारीक टोक फिरत्या बाजूला न ठेवता लेथच्या मागच्या, स्थिर बाजूकडे ठेवावं, तिथून मुठीकडे कातत यावं, आणि एकदा बारीक झालेल्या भागाकडे परत जाऊ नये. मूठ १६ मिमी, टोक ६ मिमी. मागचा दाब जास्त झाला तर मधला भाग धनुष्यासारखा वाकतो आणि पटाशी थरथरत गोल वळ्या पाडते. दाब सैल करून मागून बोटांचा आधार दिला की थांबते.

शेवटी फिरत्या छडीवर लाख घासली की चकाकी येते. जवसाचं तेल वापरायचं असेल तर तीन पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये दोन दिवस, आणि तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवावीत. लाकूड वखारीतल्या तुकड्यांतून किंवा पडलेल्या फांदीतून घ्यावं. साग, शिसव, चंदन स्वतःच्या शेतातलं असलं तरी आधी वनखात्याकडे विचारावं, आणि भीमगडच्या अभयारण्यातून एक काडीही उचलू नये.