प्रत पत्त्याची, मजकुराची नव्हे

सी आणि सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये पॉइंटर म्हणजे मेमरीतील एखाद्या जागेचा पत्ता. 64 बिट संगणकावर तो सहसा 8 बाइटांत मावतो, मग त्या जागी एक छोटे नाव ठेवलेले असो वा काही मेगाबाइटांचे चित्र. असा पॉइंटर बाळगणाऱ्या ऑब्जेक्टची, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्याची, प्रत काढताना सी प्लस प्लसचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम), वेगळे काही सांगितलेले नसल्यास, प्रत्येक घटक जसाच्या तसा उतरवून घेतो. म्हणजे पत्ता उतरतो, त्या पत्त्यावरचा मजकूर उतरत नाही. हीच उथळ प्रत. दोन ऑब्जेक्ट वेगळे भासतात, पण एकाने मजकूर बदलला की दुसऱ्यालाही तो बदललेलाच दिसतो.

खरा घोळ पुढेच आहे. पहिल्या ऑब्जेक्टचे आयुष्य संपताना त्याचा डिस्ट्रक्टर, म्हणजे शेवटची आवराआवर करणारा कोड, ती जागा मोकळी करतो आणि दुसऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. दुसऱ्याजवळचा पॉइंटर आता लटकता पॉइंटर, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेचा पत्ता, झालेला असतो. मोकळी केलेली जागा लगेच पुसली जातेच असे नाही. त्यामुळे जुना मजकूर काही काळ तसाच वाचता येतो, चाचण्या बिनबोभाट पार पडतात, आणि ती जागा दुसऱ्या कामासाठी दिली गेल्यावर भलतेच आकडे दिसू लागतात. शेवटी दुसऱ्या ऑब्जेक्टनेही तीच जागा पुन्हा मोकळी केली, तर मेमरी वाटपाचा हिशेबच बिघडतो. अशा वेळी प्रोग्राम तत्काळ कोसळला तर ते नशीबच म्हणायचे, कारण न कोसळणारी चूक हल्लेखोराच्या कामी येते. क्रोमियम ब्राउझरच्या 2020 मधील विश्लेषणात गंभीर सुरक्षा दोषांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या गैरहाताळणीचे निघाले आणि त्यांतले निम्मे मोकळ्या केलेल्या जागेच्या वापराचे होते.

खोल प्रत काढणे हा एक उपाय आहे. त्यात मजकुरासाठी नवी जागा घेतली जाते, अर्थात वेळ आणि मेमरी खर्चून. मात्र मूळ प्रश्न मालकीचा आहे: जागा मोकळी करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? सी प्लस प्लसच्या 2011 च्या आवृत्तीतील युनिक पॉइंटर एकच मालक मानतो आणि स्वतःची प्रत काढूच देत नाही, तर शेअर्ड पॉइंटर मालकांची संख्या मोजतो व ती शून्य झाल्यावरच जागा सोडतो. पायथॉन या भाषेत वापरात असलेला ऑब्जेक्ट नष्ट केला जात नसल्याने लटकत्या पॉइंटरची धास्ती नाही. उथळ प्रतीचा चकवा मात्र तिथेही आहेच, कारण याद्यांच्या यादीची साधी प्रत काढली तरी आतल्या याद्या दोघींत सामाईकच राहतात.