मेसा व्हर्दे: कड्यातली घरं आतून बघायची तर तिकीट कसं काढायचं?

अमेरिकेतल्या मुलांकडे आलेले आईबाबा आणि कोलोरॅडोची रोड ट्रिप असा योग आला की कड्यांच्या खोबणीत बांधलेल्या जुन्या घरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मेसा व्हर्दे नॅशनल पार्कचं नाव निघतंच. बरेच जण गेटवर पैसे भरतात, तासभर घाट चढून वर जातात आणि 'टूर फुल' ऐकून कठड्यावरून फोटो काढून परततात. कारण इथे पैसे दोनदा भरावे लागतात: पार्कच्या प्रवेशाचे वेगळे, घरांत उतरण्याचे वेगळे.

प्रवेश सोपा आहे. खासगी गाडीला मे ते ऑक्टोबरच्या हंगामात ३० डॉलर, एरवी २०. पास ७ दिवस चालतो. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर हे पैसे वाचतात. मात्र २०२६ पासून ८० डॉलरचा वार्षिक पास अमेरिकेतल्या रहिवाशांपुरताच आहे. त्यासाठी तिथलं सरकारी फोटो ओळखपत्र, उदाहरणार्थ ड्रायव्हिंग लायसन्स, दाखवावं लागतं. भारतातून आलेल्यांना तोच पास २५० डॉलरला. एकट्या मेसा व्हर्देसाठी तो घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

खरी धावपळ टूरच्या तिकिटाची. क्लिफ पॅलेस, बाल्कनी हाउस आणि लाँग हाउस या कड्यातल्या तिन्ही वस्त्यांत रेंजरसोबतच, म्हणजे पार्कच्या कर्मचाऱ्यासोबतच, जाता येतं. तिकीट माणशी ८ डॉलर, नागरिकत्वाची अट नाही आणि वार्षिक पास इथे चालत नाही. 'रिक्रिएशन डॉट जीओव्ही'वर खातं आधीच उघडून ठेवा. बुकिंग टूरच्या १४ दिवस आधी, माउंटन टाइमप्रमाणे, म्हणजे कोलोरॅडोच्या घड्याळाप्रमाणे, सकाळी ८ वाजता उघडतं. उन्हाळ्यात भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात असतात, म्हणजे पुण्यात बसूनही काढता येतं. सुट्टीच्या दिवसांत पाच मिनिटं उशीरही महागात पडू शकतो. टूरच्या तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या बघून घ्या. तिकीट फोनमध्ये सेव्ह करा किंवा छापून न्या. वर रेंजचा भरवसा नाही.

पात्रतेचं म्हणाल तर ती गुडघ्यांची! बाल्कनी हाउसला ३२ फुटी लाकडी शिडी चढावी लागते आणि पुढे जेमतेम १८ इंच रुंद, १२ फूट लांब बोगद्यातून रांगत जावं लागतं. साडी नेसून हे जमणार नाही, चपला घालून तर नाहीच. क्लिफ पॅलेसलाही खडबडीत दगडी पायऱ्या आणि शिड्या आहेतच, पण तो त्यामानाने सोपा. लाँग हाउसला चालणं जास्त, सव्वादोन मैल. पार्क ७ ते साडेआठ हजार फूट उंचीवर असल्यामुळे हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. टूरवर फक्त पाणी न्या, खाणं गाडीतच ठेवा.

वेळेचं गणित नीट करा. तिकिटावरची वेळ टूर सुरू होण्याची असते, पार्कच्या गेटची नव्हे. गेटपासून क्लिफ पॅलेसला पाऊण ते एक तास लागतो. लाँग हाउस वेदरिल मेसा नावाच्या पठारावर, म्हणजे दुसऱ्याच टोकाला. एका दिवसात दोन्हीकडची तिकिटं काढली तर मध्ये भरपूर वेळ सोडा.

अजिंठ्यासारखी ही कोरलेली लेणी नाहीत. कड्याच्या खोबणीत वालुकाश्म, माती आणि लाकडाने बांधलेली ही घरं आहेत. क्लिफ पॅलेसमध्ये सुमारे दीडशे खोल्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस इथली माणसं दक्षिणेकडे गेली. होपी, झुनी आणि इतर प्वेब्लो हे अमेरिकेतले मूळ रहिवासी त्यांचे वंशज, आणि ही जागा त्यांच्यासाठी आजही पूर्वजांचं घर आहे. म्हणून भिंतींना टेकू नका. खापराचा तुकडासुद्धा उचलणं गुन्हा आहे.

तिकीट नाहीच मिळालं तर वेदरिल मेसावरचं स्टेप हाउस हंगामात तिकिटाशिवाय बघता येतं. स्प्रूस ट्री हाउसच्या जुन्या ब्लॉगवर विसंबू नका. दरड कोसळल्यामुळे ते २०१५ पासून बंद आहे, फक्त लांबून दिसतं. ज्यांना शिडी जमणार नाही त्यांना मेसा टॉप लूपवर गाडीने फिरवा. सन पॉइंटवरून समोरच्या कड्यांतली बरीच घरं दिसतात, दुर्बीण मात्र घरून न्या.