क्लॅरिनेट: करंगळी सरकवायची की हात बदलायचा?

सगळी भोकं झाकून वाजणारा मधला बी घेतला आणि त्याला जोडून लगेच सी शार्प घ्यायचा आहे. बाकीची बोटं जागची हलत नाहीत, काम फक्त करंगळीचं. ते दोन प्रकारे होतं. एकच करंगळी एका चावीवरून शेजारच्या चावीवर सरकवायची, नाहीतर बी एका हाताच्या करंगळीने आणि सी शार्प दुसऱ्या हाताच्या करंगळीने घ्यायचा. नीट जमलं तर ऐकणाऱ्याला दोन्हींत फरक कळत नाही. म्हणूनच नवशिके ही दोन तंत्रं एकच धरून चालतात आणि जी करंगळी आधी पोचेल ती टाकून देतात. मग एखाद दिवशी ओळ सुरेख जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच अडखळते.

यातलं कुठलं तंत्र मुख्य आणि कुठलं अडीनडीचं, हे वाद्याच्या रचनेवरून ठरतं. आज शिकणाऱ्यांच्या हातात बहुधा बोम पद्धतीचा, म्हणजे बोम नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाव्यांच्या मांडणीचा क्लॅरिनेट असतो. क्लोझे हा वादक आणि ब्युफे हा कारागीर, या दोघांनी तो 1839 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला आणि 1844 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याला 17 चाव्या आणि भोकांभोवती 6 कड्या. त्यात त्यांनी केलेली मोठी सोय म्हणजे करंगळीच्या दुहेरी चाव्या. बी, सी आणि सी शार्प हे तिन्ही सूर डाव्या करंगळीनेही मिळतात आणि उजव्या करंगळीनेही. ई फ्लॅट मात्र नेहमीच्या वाद्यावर फक्त उजवीकडे. म्हणजे हात बदलत वाजवणं ही या वाद्याची मूळ चाल आहे, आणि ती आधी शिकावी असं मी आग्रहाने सांगेन.

अल्बर्ट ही चाव्यांची वेगळी मांडणी; त्या पद्धतीच्या जुन्या वाद्यांवर प्रकरण उलटं. तिथे बी आणि सी शार्प डाव्या करंगळीकडे, सी आणि ई फ्लॅट उजवीकडे, दुहेरी सोय नाही. सरकण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून अशा बऱ्याच वाद्यांत चाव्यांच्या कडेला छोटे फिरते रूळ बसवलेले असतात. सॅक्सोफोनवरही उजव्या करंगळीच्या सी आणि ई फ्लॅटच्या मध्ये असेच रूळ दिसतात. आपल्याकडे बँडवाल्यांकडून जुनं वाद्य घेतलं तर ते अल्बर्टचं निघू शकतं. उजव्या करंगळीखाली चार चाव्या आहेत की दोनच, हे मोजून पाहा. दोनच असतील तर बोमचं पुस्तक त्यावर चालणार नाही.

आता बोमवर कुठला सूर कुठल्या हाताने, हे ठरवायचं कसं? ओळीतला ई फ्लॅट शोधायचा आणि तिथून मागे यायचं. त्याचा हात ठरलेलाच आहे, उजवा. बी मेजरमध्ये बी, सी शार्प, डी शार्प असे लागोपाठ येतात. डी शार्प म्हणजे तीच ई फ्लॅटची चावी, म्हणून तो उजवा. त्याच्या आधीचा सी शार्प डावा, त्याआधीचा बी उजवा. ए फ्लॅट मेजरमध्ये सी, डी फ्लॅट (म्हणजे सी शार्पचीच चावी), ई फ्लॅट: पुन्हा उजवा, डावा, उजवा. सीवरून थेट ई फ्लॅटवर उडी असेल तर सी डावा. मध्ये डी आला की दोन्ही करंगळ्या सुटतात आणि हिशेब नव्याने सुरू होतो. ठरलेला हात पेन्सिलने सुराखाली लिहून ठेवा. फ्रेंच पुस्तकांत त्यासाठी जी आणि डी ही अक्षरं सापडतात. ती सुरांची नावं नव्हेत: जी डाव्या हाताची आणि डी उजव्या हाताची, हे लक्षात असू द्या.

बी आणि सीची जोडी याहून सोपी आहे. बीची चावी दाबली की सीची गादीही (चावीखालचं भोक झाकणारी) आपोआप बसते. त्यामुळे उजवी करंगळी सीवर ठेवूनच द्यायची आणि डावीने बी लावायचा नि सोडायचा. एकच बोट हलतं. या दोन सुरांचा ट्रिलही (दोन्ही सूर भराभर आलटूनपालटून) असाच वाजवतात.

मग सरकवायचं कधी? दोन ई फ्लॅटच्या मध्ये करंगळीचे सूर सम संख्येत आले की. डी शार्प, सी शार्प, बी, डी शार्प अशी ओळ घ्या. उजवा, डावा, उजवा, आणि शेवटच्या सुराला परत उजवाच हवा. गाडी अडली. बीवरून डी शार्पवर सरकणं वाईट, कारण उजवीकडे त्या दोन चाव्या तिरक्या पडतात. त्यापेक्षा पहिल्या डी शार्पवरून शेजारच्याच सी शार्पवर आडवं सरका, बी डाव्याने घ्या, उजवी करंगळी पुढच्या डी शार्पला मोकळी. कुठे सरकायचं हे असं आधीच निवडता येतं. काही महागड्या क्लॅरिनेटवर डावीकडेही ई फ्लॅटची चावी असते, तिथे हा पेच उरत नाही.

सरकताना बोट उचलायचं नाही. करंगळी थोडी पसरट करून पहिल्या चावीवरचा भार हलका करायचा आणि बोटाचा मांसल भाग चावीच्या कडेवरून पुढे लोटायचा. बोट कोरडं असेल तर ते अडकतं. पुष्कळ वादक करंगळी नाकाच्या बाजूला किंवा कपाळावर फिरवून तिला थोडा तेलकटपणा देतात. दोन्ही तंत्रांतली चूक मात्र एकाच आवाजाने ओळखू येते. करंगळ्या क्षणभर मोकळ्या राहिल्या की मध्येच डी डोकावतो. तो डी ऐकू आला, तर सरकताना बोट उचललं गेलं किंवा हात बदलताना पहिली करंगळी लवकर सुटली असं समजा.

चिरका आवाज आला तर मात्र करंगळीला बोल लावण्याआधी अनामिका तपासा. करंगळी ताणली की शेजारची अनामिका तिच्याबरोबर किंचित उचलली जाते, भोक केसाएवढं उघडं पडतं आणि बी फुटतो. यासाठी अंगठ्याची रजिस्टरची चावी सोडून तीच ओळ खालच्या सप्तकात वाजवा. क्लॅरिनेटमध्ये ही चावी सूर बाराव्या स्वरावर नेते, त्यामुळे त्याच बोटांनी बीच्या जागी ई, सीच्या जागी एफ, सी शार्पच्या जागी एफ शार्प आणि ई फ्लॅटच्या जागी ए फ्लॅट येतो. खालचा ई भरीव आणि न डगमगता आला, तर भोकं झाकलेली आहेत आणि राहिलेला दोष करंगळीच्या वेळेचा आहे. ई घोगरा झाला किंवा गायबच झाला, तर आधी अनामिकेची जागा दुरुस्त करा. तोवर हात बदलण्याचा कितीही सराव केला तरी बी चिरकतच राहील.