न्यूयॉर्कच्या शाळेला दिवाळीची सुट्टी: शंभर वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

माझी बहीण न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहते. तिच्या फ्रिजवर दोन कागद शेजारी शेजारी लावलेले असतात. एक भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आलेलं कालनिर्णय आणि दुसरं न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण विभागाचं वर्षभराचं वेळापत्रक. बरीच वर्षं या दोन कागदांचं दिवाळीत जमत नसे. नरक चतुर्दशीला ती पहाटे उठून भाच्याला उटणं लावून आंघोळ घालायची आणि त्याच अंगाच्या वासानिशी तो सातच्या बसने गणिताच्या चाचणीला जायचा. १ नोव्हेंबर २०२४ च्या शुक्रवारी त्या दुसऱ्या कागदावर पहिल्यांदा ‘दिवाळी, शाळा बंद’ असं छापून आलं. ते तिथवर कसं पोचलं, हा इतिहास मोठा आहे आणि तो भारतीयांच्या कितीतरी आधी सुरू होतो.

आपल्याकडे सुट्टीच्या यादीत धर्माचं नाव असण्यात कुणाला वावगं वाटत नाही. दिवाळी, ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती असे सगळ्यांचे दिवस सरकार जाहीर करतं आणि त्यावर जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या देतात. अमेरिकेतल्या सरकारी शाळांना हा मार्ग मोकळा नाही. तिथल्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला कोणत्याही धर्माची बाजू घेऊ देत नाही. म्हणून एखादा सण पवित्र आहे एवढ्यासाठी शाळा बंद ठेवता येत नाही. त्या दिवशी एवढी मुलं किंवा शिक्षक येणार नाहीत की वर्ग भरवण्यात अर्थ नाही, असं मात्र म्हणता येतं. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण या विषयावरचं सगळं राजकारण त्याच्याभोवती फिरतं. इलिनॉय राज्यात गुड फ्रायडेला शाळा बंद ठेवणारा १९४१ चा कायदा होता. शिकागोच्या एका शिक्षिकेने त्याला आव्हान दिलं आणि १९९५ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला, कारण राज्याला त्यामागचं धर्माबाहेरचं कारण पटवून देता आलं नाही. पुढे मेरीलँडचा जवळजवळ तसाच कायदा १९९९ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयात टिकला. सुट्टी तीच आणि राज्यघटनाही तीच असताना निकाल उलट लागले.

त्यात आणखी एक अडचण आहे. अमेरिकेची जनगणना धर्म विचारतच नाही. न्यूयॉर्कमध्ये हिंदू किती, मुस्लिम किती, याचा सरकारी आकडा नाही. दिवाळीच्या मागणीच्या वेळी दोन लाखांपासून सहा लाखांपर्यंतचे आकडे फिरत होते ते त्यामुळेच. मग आपण आहोत हे दाखवायचं कसं? रिकाम्या बाकांनी. म्हणजे सुट्टी मिळवायची तर आधी मुलांनी गैरहजर राहायचं, चाचणी बुडवायची, हजेरीवर खाडा घ्यायचा. मला ही पद्धत मुलांवर अन्याय करणारी वाटते. मोठ्यांच्या मागणीचा पुरावा लहानांच्या हजेरीपटातून गोळा होतो.

न्यूयॉर्कच्या वेळापत्रकातली सगळ्यात विलक्षण सुट्टी जूनच्या पहिल्या गुरुवारी येते. आज तिचं नाव ‘ॲनिव्हर्सरी डे’ आहे, जुने लोक ‘ब्रुकलिन-क्वीन्स डे’ म्हणतात. ही ॲनिव्हर्सरी, म्हणजे वर्धापनदिन, कशाची? शहराच्या ब्रुकलिन भागात १८१६ साली प्रोटेस्टंट चर्चांच्या, मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या रविवारच्या शाळांचा एक संघ स्थापन झाला, त्याची. १८२९ पासून त्या शाळांची मुलं मिरवणुका काढू लागली. १९०५ मध्ये राज्याच्या कायद्याने ब्रुकलिनच्या सरकारी शाळांना त्या दिवशी सुट्टी मिळाली, १९५९ मध्ये क्वीन्सचा समावेश झाला. मॅनहॅटन आणि ब्राँक्स या शहराच्या इतर भागांतली मुलं मात्र त्या दिवशी नेहमीसारखी शाळेत जात. २००६ च्या सुमारास शिक्षक संघटनेच्या करारातून तो दिवस साऱ्या शहराला मिळाला. मुलं घरी आणि शिक्षक प्रशिक्षणाला. मिरवणूक शहराच्या स्मरणातून केव्हाच गेली, सुट्टी राहिली. हा दिवस धार्मिक होता हे कुणाच्या ध्यानातही नसतं, कारण ज्यांचा सण होता तेच पूर्वी शहर चालवत होते. पुढे ज्यांनी ज्यांनी सुट्टी मागितली त्यांना ‘शाळेत धर्म आणता’ हे ऐकावं लागलं. ते बोलणाऱ्यांना जूनमधला हा गुरुवार बहुधा ठाऊक नसावा.

पहिली मोठी ठिणगी ज्यूंच्या वस्तीत पडली. १९०५ च्या डिसेंबरमध्ये ब्रुकलिनच्या ब्राऊन्सव्हिल भागातल्या एका मुख्याध्यापकांनी नाताळच्या कार्यक्रमात, बहुसंख्य ज्यू असलेल्या मुलांना ख्रिस्तासारखं वागण्याचा उपदेश केला. पूर्व युरोपातले अत्याचार चुकवून आलेल्या आईबापांना तो झोंबला. शिक्षण मंडळाकडे अर्ज गेले, पण समाधान झालं नाही. पुढच्या वर्षी यिद्दिश या पूर्व युरोपी ज्यूंच्या भाषेतल्या वर्तमानपत्रांनी हाक दिली आणि २४ डिसेंबर १९०६ ला, शाळांतल्या नाताळच्या कार्यक्रमांच्या दिवशी, हजारो ज्यू मुलं घरी राहिली. लोअर ईस्ट साइड या मॅनहॅटनमधल्या ज्यू वस्तीच्या शाळांत वर्गच्या वर्ग ओस पडले. त्यांची मागणी सुट्टीची नव्हती, शाळेने आमच्या मुलांना आमच्या धर्मापासून दूर नेऊ नये एवढीच होती. पण रिकाम्या बाकांची भाषा त्या दिवशी शहराला कळली.

ज्यूंचे रोश हशाना (नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपास) हे दिवस वेळापत्रकात आले ते थेट १९६० मध्ये. तोवर त्या १९०६ च्या मुलांची पुढची पिढी शिक्षक झाली होती. शहराच्या शिक्षकांत ज्यूंचं प्रमाण इतकं वाढलं होतं की योम किप्पूरला फळ्यासमोर उभं राहायला माणूस मिळेना. बदली शिक्षक आणायचे तरी किती? शाळा बंद ठेवणं सोपं होतं. दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्यातल्याच शाळांतली सरकारने लिहिलेली प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. प्रार्थना गेली, सुट्ट्या राहिल्या, कारण प्रार्थनेचं समर्थन धर्माशिवाय करता येत नव्हतं आणि सुट्टीचं हजेरीच्या आधाराने करता येत होतं.

इतर ठिकाणी हे गणित जमलं नाही तेव्हा काय झालं, त्याची दोन उदाहरणं सांगण्यासारखी आहेत. फ्लॉरिडात टँपा शहराच्या हिल्सबरो काउंटीत मुस्लिमांनी ईदची सुट्टी मागितली. २००५ मध्ये शाळा मंडळाने ईद तर दिली नाहीच, उलट समान न्याय म्हणून गुड फ्रायडे आणि योम किप्पूरच्या सुट्ट्याही काढून टाकल्या. गावभर संताप उसळला आणि तो निघाला मुस्लिमांवर. ज्यांनी ईद मागितली होती तेच म्हणू लागले की इतरांच्या सुट्ट्या परत द्या. थोड्याच आठवड्यांत मंडळाला माघार घ्यावी लागली.

दुसरं मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतलं. तिथे १९७० च्या दशकापासून ज्यू सणांना शाळा बंद असत. मुस्लिम पालकांनी वर्षानुवर्षं ईद मागितली आणि मंडळ सांगत राहिलं की गैरहजेरी पुरेशी नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये मंडळाने सात विरुद्ध एक मतांनी ठराव केला की पुढच्या वर्षापासून वेळापत्रकात कोणत्याच सणाचं नाव छापायचं नाही. नाताळ, ईस्टर, योम किप्पूर सगळी नावं पुसली. शाळा मात्र त्या त्या दिवशी बंदच राहणार होत्या, चौकटीत फक्त ‘शाळा नाही’ एवढं छापायचं. मुस्लिमांच्या हाती काहीच लागलं नाही आणि बाकीच्यांचा रोष त्यांनीच ओढवून घेतला. त्यांची मागणी आमचंही नाव लिहा अशी होती, तर मंडळाने सगळ्यांचंच खोडलं. पुढल्या वर्षी मात्र मंडळाने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा एक दिवस २०१६ च्या ईदला येईल असा बसवला. कागदावर प्रशिक्षण, घरी सण. काम होतं हे खरं, पण मुलाला आपल्या सणाचं नाव छापलेलं दिसणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मी क्षुल्लक मानत नाही.

न्यूयॉर्कमध्ये ईदच्या चळवळीला जोर आला तो जानेवारी २००६ मध्ये. राज्याची परीक्षा नेमकी ईद-उल-अझाच्या, म्हणजे बकरी ईदच्या दिवशी आली. सणाला जायचं की परीक्षेला, हा प्रश्न त्या दिवशी हजारो घरांत विचारला गेला. २००९ मध्ये सिटी कौन्सिलने, म्हणजे शहराच्या नगरसेवकांच्या सभेने, ५० विरुद्ध १ मतांनी दोन्ही ईदच्या सुट्टीची शिफारस केली. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी ती मानली नाही. प्रत्येक धर्माला सुट्टी देत बसलो तर शाळा भरणार कधी, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नव्हतं, कारण राज्याचा नियम वर्षाला १८० दिवसांचा आहे. त्यांच्यानंतर आलेल्या बिल डी ब्लासिओ यांनी मार्च २०१५ मध्ये ब्रुकलिनच्या बे रिज भागातल्या एका शाळेत उभं राहून दोन्ही ईद जाहीर केल्या. त्या शाळेत आधीच्या ईदला ३६ टक्के मुलं गैरहजर होती. २४ सप्टेंबर २०१५ ला शहराच्या शाळा पहिल्यांदा ईदसाठी बंद राहिल्या. चिनी आणि कोरियन समाजाच्या चांद्र नववर्षासाठी दिवस शोधताना विभागाने वेगळीच शक्कल काढली. ज्यांचा फारसा उपयोग नव्हता असे दोन अर्धे दिवस मिळून एक पूर्ण दिवस केला आणि त्यातून उरलेला सणाला दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तीही सुट्टी लागू झाली.

दिवाळीवाले तेव्हा बाहेर राहिले. ही मागणी भारतातून थेट गेलेल्या कुटुंबांनी एकट्याने लावून धरली असं आपण समजतो, पण तिचा कणा क्वीन्सच्या रिचमंड हिलमध्ये होता. तिथली वस्ती गयाना आणि त्रिनिदादहून आलेल्या हिंदूंची आहे. उसाच्या मळ्यांवर गिरमिटावर, म्हणजे कराराने बांधून, नेलेल्या मजुरांची ही नातवंडं-पतवंडं. त्रिनिदादमध्ये दिवाळी १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी आहे, गयानातही ती आहे. म्हणजे ही माणसं सुट्टीच्या देशातून बिनसुट्टीच्या शहरात आली होती आणि आपलं काय गेलं आहे हे त्यांना नेमकं माहीत होतं. न्यू जर्सीतल्या काही शाळा जिल्ह्यांनी तोवर दिवाळीला शाळा बंद ठेवायला सुरुवात केली होती. न्यूयॉर्कमध्ये दिवाळीच्या दिवशी रस्ता झाडण्यासाठी एका बाजूची गाडी हलवण्याच्या नियमातून सूट होती. गाड्यांना दिवाळी होती आणि मुलांना नव्हती.

क्वीन्सच्या आमदार जेनिफर राजकुमार यांनी तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यासोबत ऑक्टोबर २०२२ मध्ये एक तोडगा मांडला. जूनमधला तो ॲनिव्हर्सरी डे काढून त्या जागी दिवाळी घालायची, म्हणजे १८० दिवसांना धक्का लागत नाही. जून २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नर कॅथी होकल यांनी १४ नोव्हेंबर २०२३ ला सही केली. दिवाळी त्या वर्षी दोनच दिवस आधी रविवारी होऊन गेली होती. ॲनिव्हर्सरी डे अखेर काही निघाला नाही. २०२४-२५ च्या वेळापत्रकात ५ जूनच्या एकाच चौकटीत ईद-उल-अझा आणि ॲनिव्हर्सरी डे दोन्ही नावं होती. रविवारच्या शाळांची ती जुनी मिरवणूक आणि बकरी ईद एका रेघेत आलेली पाहून मला खरोखर बरं वाटलं.

जागा मात्र संपत चालली आहे. २०२१ पासून जूनटींथ, म्हणजे गुलामगिरी संपल्याचा दिवस, आला. त्याच वर्षी कोलंबस डेचं नाव ‘मूलनिवासी लोकांचा दिवस’ असं केलं, कोलंबसला आपला मानणारा इटालियन समाज भडकला आणि त्याच दिवशी ते बदलून ‘इटालियन वारसा/मूलनिवासी लोकांचा दिवस’ झालं. २०२४ च्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला लागून आलेला सोमवार, २३ तारीख, आधी शाळेचा दिवस होता. पालक आणि शिक्षकांनी ओरड केल्यावर विभागाने तो सोडून दिला. सुमारे नऊ लाख मुलांच्या या व्यवस्थेत एक दिवस शाळा बंद म्हणजे कुणाच्या तरी आईचा बुडालेला रोज. दुपारचं जेवण ज्यांना शाळेतच मिळतं त्यांचाही तो प्रश्न आहे. सुट्टीला विरोध करणारे सगळे द्वेषानेच बोलतात असं समजणं बरोबर नाही.

तिथीचा गोंधळ तर वेगळाच. मराठी पंचांगात लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, उत्तर भारतीयांच्या गणतीत तीच कार्तिक अमावास्या. शिवाय अमावास्या लागण्याची वेळ घड्याळाने सरकते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं. न्यूयॉर्कच्या आकाशात मात्र अमावास्येची संध्याकाळ ३१ ऑक्टोबरची होती, म्हणजे हॅलोवीनची. बहिणीने कालनिर्णयाप्रमाणे शुक्रवारी पूजा केली, शेजारच्या गुजराती कुटुंबाने गुरुवारी. शाळा शुक्रवारी बंद होती म्हणून दोन्ही घरची मुलं रात्री उशिरापर्यंत जागली.

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी येतं. पाडवा मंगळवारी, शाळेच्या दिवशी. आणि कालनिर्णयातली भाऊबीज ११ नोव्हेंबरची, बुधवारची. त्या दिवशी माजी सैनिकांच्या सन्मानाची, व्हेटरन्स डेची सुट्टी असते. शाळा बंद. बहिणीने भाच्याच्या मावसबहिणींना आतापासून बोलावून ठेवलं आहे.