अर्धीच माळ का विझते?

न्यू जर्सीत राहणाऱ्या भाचीने परवा नाताळच्या झाडाचा फोटो पाठवला. वरचं अर्धं झाड लखलखीत, कमरेखाली काळोख. खाली प्रश्न : "मामा, एक बल्ब गेला की सगळी माळ जाते म्हणतात ना? मग ही अर्धीच कशी गेली?"

पोरीचा प्रश्न रास्त आहे. "एक गेला की सगळे गेले" ही समजूत आली कुठून, ते आधी बघू. विजेच्या दिव्यांनी सजवलेलं पहिलं नाताळचं झाड १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरी उभं केलं. जॉन्सन हे एडिसनचे सहकारी. लाल, पांढरे आणि निळे मिळून ८० दिवे होते. (एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा न्यू जर्सीतच जिथे होती, त्या गावाला आज एडिसन म्हणतात, आणि तिथे आपल्या देशी मंडळींची केवढी वस्ती आहे हे सांगायला नको.) पुढे विसाव्या शतकात बाजारात माळा आल्या, त्यांत १५ व्होल्टचे आठ बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच मार्गावर एकापुढे एक असायचे. आठ पंधरे एकशेवीस, म्हणजे तिकडच्या घरगुती विजेचा बरोब्बर दाब. त्या माळांत एक बल्ब उडाला की खरोखरच सगळे विझत. माळ बदलली, समजूत मात्र तशीच राहिली.

भाचीच्या झाडावर आहेत ते शेंगदाण्याहूनही बारीक, तारेचे बल्ब. १०० बल्बांची माळ म्हणजे प्रत्यक्षात ५०-५० च्या दोन माळा. प्रत्येकीतले बल्ब एकसर जोडणीत, आणि त्या दोघी एकमेकींना समांतर, म्हणजे प्रत्येकीचा विजेचा मार्ग स्वतंत्र. प्रत्येक बल्बाच्या वाट्याला २.४ व्होल्ट येतात. अर्धी माळ चालू आहे याचा अर्थ घरातला सॉकेट, प्लग आणि प्लगमधला फ्यूज शाबूत आहेत. बिघाड त्या काळ्या पन्नासातच कुठेतरी आहे. अंधाराचा आकार बघितला की निम्मं काम झालं.

पण इथे एक गंमत आहे, आणि हा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहिलाय. या पन्नासातला एखादा बल्ब उडाला तरी बाकीचे ४९ चालू राहतात. एकसर जोडणी असूनही!

एक बल्ब काढून डोळ्यांजवळ धरा. काचेच्या आत दोन उभ्या तारा दिसतील, त्यांच्या टोकांवर टंगस्टनची केसाहून बारीक तार ताणलेली. त्याच्या जरा खाली, त्या दोन उभ्या तारांना आणखी एका बारीक तारेचे दोन-चार वेढे दिलेले दिसतात. हा शंट. दिसायला तो सरळसरळ शॉर्टसर्किट आहे, पण या तारेवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो वीज अडवतो. बल्ब चालू असताना शंटवर जेमतेम २.४ व्होल्ट येतात. तेवढ्याने त्या थराला काही होत नाही.

आता टंगस्टनची तार तुटली. परिपथ खंडित, धारा शून्य. शाळेतला ओहमचा नियम लावा : विभवांतर (म्हणजे हा व्होल्टचा दाबच) म्हणजे धारा गुणिले रोध. धाराच शून्य, म्हणजे बाकीच्या ४९ बल्बांपैकी प्रत्येकावरचं विभवांतरही शून्य. मग ते १२० व्होल्ट गेले कुठे? सगळेच्या सगळे त्या एका तुटलेल्या बल्बावर येतात. क्षणापूर्वी २.४ व्होल्ट झेलणाऱ्या शंटवर आता पन्नासपट दाब. शिवाय १२० हा एसीचा (सतत दिशा बदलणाऱ्या विजेचा) परिणामी, म्हणजे सरासरीसारखा आकडा, लाटेच्या शिखरावर तो १७० पर्यंत जातो. ऑक्साइडचा थर फुटतो, ठिणगी पडते, शंट उभ्या तारांना चिकटतो आणि धारा पुन्हा सुरू होते. फ्यूज धारा वाढली की मार्ग तोडतो, शंट दाब वाढला की मार्ग जोडतो. बल्ब मेल्याचा संदेश कुठलंही सेन्सर देत नाही, मरण्याच्या क्रियेतूनच दुरुस्तीला लागणारा दाब तयार होतो. दोन पैशांच्या वस्तूत इतकी हुशारी मला क्वचित दिसली आहे.

मग अर्धी माळ विझलीच कशी? एक तर बल्ब खोबणीत सैल झाला असेल. बल्बच्या प्लॅस्टिकच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तांबड्या तारा वर वळवलेल्या असतात. त्यातली एखादी आत मुडपली किंवा खोबणीतल्या पितळी पत्रीवर गंज चढला, तर खंड बल्बच्या बाहेर पडतो आणि आतला शंट काही करू शकत नाही. दुसरी शक्यता अशी, की वर्षभर खोक्यात आदळआपट होऊन दोन-तीन बल्बांच्या तारा एकदमच तुटल्या. आता १२० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात आणि एकही शंट फुटत नाही. यासाठी अमेरिकेत पिस्तुलासारखं एक हत्यार मिळतं. त्यात गॅसच्या लायटरमध्ये असतो तसा पिझो खडा असतो, चाप ओढला की तो उच्च दाबाचा झटका देऊन शंट फोडतो.

तिसरी शक्यता जास्त महत्त्वाची. शंटमुळे माळ चालू राहते, म्हणून लोक मेलेले बल्ब तसेच ठेवतात. पाच गेले की उरलेल्या ४५ वर प्रत्येकी २.६७ व्होल्ट. वाढ फक्त ११ टक्के. पण टंगस्टनच्या बल्बाचं आयुष्य दाबाच्या साधारण बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. १.११ चा बारावा घात काढा : साडेतीनच्या आसपास. दहा गेले तर १.२५ चा बारावा घात, म्हणजे आयुष्य चौदा-पंधरापट कमी! म्हणून माळ आधी हळूहळू आणि मग पटापट मरते. काही माळांत यावर उपाय म्हणून शंट नसलेला एक फ्यूज बल्ब मुद्दाम घातलेला असतो, बहुधा वेगळ्या रंगाच्या बुडाचा. धारा वाढली की तो स्वतः उडून अख्खी रांग विझवतो. त्याच्या जागी साधा बल्ब खुपसू नये.

भाचीच्या सासूबाईंचं निदान वेगळंच आहे : बुध वक्री झालाय, या दिवसांत विजेच्या वस्तू बिघडतात. बुध वर्षातून तीन-चारदा, दर वेळी सुमारे तीन आठवडे वक्री दिसतो. एवढ्या मोठ्या जाळ्यात कुठला ना कुठला बिघाड सापडणारच. सैल बल्ब दाबून बसवला की बुध वक्री असतानाही माळ लागते.

शोधायचं कसं? आधी प्लग काढून प्रत्येक बल्ब हलवून, दाबून बघा. नाही जमलं तर प्लग परत लावून, तारेला न लावता वाजणारा टेस्टर पेन घ्या. खंडाच्या अलीकडे फेजचा पूर्ण दाब असतो, पलीकडे काही नाही. टेस्टर पंचविसाव्या बल्बाच्या काचेजवळ धरा, तारांजवळ नको, कारण शेजारून दुसरी फेजची तार जात असते. फेजकडून मोजताना वाजला तर बिघाड पुढे, नाही वाजला तर मागे. मग उरलेल्याचं निम्मं, पुन्हा निम्मं. पन्नासात फार तर सहा चाचण्या. खंड दोन ठिकाणी असेल तर मधला भाग ना धड इकडचा ना तिकडचा, तिथे टेस्टर मनाला येईल तसा वाजतो. बल्ब बदलताना प्लग काढलेलाच हवा.

आपल्याकडे वसईतल्या नाताळच्या गोठ्यांवर (येशूजन्माच्या देखाव्यांवर), गोव्यातल्या नक्षत्रांवर (चांदणीच्या आकाराच्या कंदिलांवर) किंवा दिवाळीच्या गॅलरीत दिसतात त्या माळा बहुतेक एलईडीच्या. त्यांत सहसा शंट नसतो आणि अंधाराचा आकारही वेगळा असतो : सलग पट्टा न विझता दर चौथा दिवा विझतो, म्हणजे एकच रंग नाहीसा होतो. कारण माळ आठ तऱ्हांनी लुकलुकवणाऱ्या त्या डबीतून प्रत्येक रंगाची स्वतंत्र एकसर रांग निघते. एका रंगात कुठे एक पाय गंजला की तो रंग गेला. खराब एलईडी कापून तारा जोडून टाकायची युक्ती सगळे करतात. एखाद्या वेळी चालतं, पण एलईडीवर दाब थोडा वाढला तरी धारा झपकन वाढते. दर वर्षी दोन-दोन कापत गेलात तर पूर्ण रांग तापून जाईल. शिवाय इथे २३० व्होल्ट आहेत आणि तारेचं आवरण कागदाइतकं पातळ.

भाची मार्चमध्ये पुण्याला येताना एक माळ आणणार आहे म्हणे. तिला कळवलंय, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर (२३० व्होल्टचे १२० करणारा) असेल तरच आण. नाहीतर प्रत्येक बल्बावर २.४ च्या जागी ४.६ व्होल्ट येतील, लख्ख पेटून एकामागून एक बल्ब उडतील आणि शंट इमानदारीने उरलेल्यांवरचा दाब वाढवत जातील, फ्यूज उडेपर्यंत.