गवताला दिलेला युरिया जातो कुठे?

मुरबाडजवळ माझ्या मामांचा दहा गुंठ्यांचा गवताचा तुकडा आहे. संकरित नेपिअर, 'यशवंत' जातीचं. गोठ्यात चार म्हशी आणि एक बैलजोडी, त्यांची हिरव्या वैरणीची बरीचशी गरज या तुकड्यावर भागते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी ठाण्याहून गेलो होतो. आदल्या दिवशी गवत कापून झालं होतं, बुडख्यांमध्ये पिवळा पालापाचोळा पसरला होता आणि मामांनी त्यावर दुपारच्या उन्हात अर्धी गोणी युरिया फेकला होता. सकाळी दव पडलेलं असताना खाली वाकलो, तर नाकाला तोच ओळखीचा वास आला, जो गोठ्यात मोरीपाशी येतो.

"मामा, युरिया उडतोय तुमचा," मी म्हणालो.

"अरे, खडा आहे तो. खडा कसा उडेल?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर घरातल्या बरण्यांत दिसतं, म्हणून आधी तेच सांगतो.

दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत चार बोटं ओलसर माती भरा, शेतातली किंवा कुंडीतली. पहिल्या बरणीत चमचाभर युरिया मातीवर नुसता भुरभुरा, वर चिमूटभर वाळकं गवत टाका. दुसऱ्या बरणीत तेवढाच युरिया तळाशी टाकून वर माती दाबून बसवा. हळदीच्या पाण्यात बुडवलेली कागदाची ओलसर पट्टी दोन्ही झाकणांना आतून चिकटवा, झाकणं घट्ट लावा आणि बरण्या उबदार जागी ठेवा. एक-दोन दिवसांत पहिल्या बरणीतली पिवळी पट्टी लालसर होऊ लागते, दुसरीतली बराच काळ पिवळी राहते. हळदीचं कुंकू चुन्याने होतं, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. इथे चुन्याचं काम अमोनिया वायू करतो. मामांच्या तुकड्यावर सकाळी वास येत होता तो याच वायूचा.

घडतं ते असं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं, पण गवताची मुळं युरियाचा खडा जसाच्या तसा फारसा घेत नाहीत. मातीतल्या सूक्ष्मजीवांकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते पाण्याच्या मदतीने युरिया फोडतं आणि त्याचं अमोनियम कार्बोनेट होतं. हा पदार्थ अल्कधर्मी, म्हणून खड्याभोवतालची वितभर नाही, पण बोटभर माती काही दिवस चुन्यासारखी वागते आणि तेवढ्या वेळात अमोनियमचा अमोनिया होऊन हवेत निघतो. ऊन जितकं कडक, तितकं हे झपाट्याने होतं. शिवाय वाळलेल्या पाल्यात युरिएज भरपूर असतं, त्यामुळे कापणीनंतरच्या कचऱ्यावर पडलेला खडा उघड्या मातीवरच्या खड्यापेक्षाही जास्त वायू सोडतो. उष्ण हवेत, पृष्ठभागावर टाकलेल्या युरियातलं २० ते ३० टक्के नत्र असं निघून जाणं नवलाचं नाही, कधी त्याहूनही जास्त जातं. खडा मातीत दोन इंच खाली गेला, किंवा टाकल्यावर लगेच १०-१५ मिलिमीटर पाऊस अथवा पाणी मिळालं, तर अमोनियम मातीच्या कणांना धरून बसतं आणि गळती जवळजवळ थांबते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मी खूपदा ऐकला आहे. २०१५पासून देशात मिळणारा जवळपास सगळा युरिया निमलेपित, म्हणजे कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, म्हणून तो 'उडत नाही' असं लोक समजतात. नीम अडवतं ती पुढची पायरी, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट होणं. अमोनिया हवेत जाणं ते रोखत नाही. निमलेपित युरियाही पाल्यावर उन्हात टाकला तर वासच येणार.

आता ती पुढची पायरी, कारण ठाणे जिल्ह्यात खरा घोळ तिथे आहे. अमोनियमवर धनभार असतो आणि मातीच्या कणांवर ऋणभार, म्हणून ते धरून राहतं. जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेटवर ऋणभार असतो, त्याला माती धरत नाही. पाणी खाली निघालं की तेही निघतं. आपल्याकडे वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा. वरकस जमिनीवर, जिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तिथे जुलैत टाकलेलं नत्र आठवडाभरात ओढ्याला लागू शकतं. पाणी तुंबलेल्या खाचरात उलटं होतं. माती गुदमरते, हवा न मिळालेले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायूरूपाने परत जातं. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो. १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. पाणथळीत वाढणाऱ्या पॅरा गवताच्या तुकड्यांवर भर पावसात युरिया टाकणं मला म्हणूनच सगळ्यात वाया घालवणं वाटतं.

मग द्यायचं कधी? मामांच्या तुकड्याला साजेसं उत्तर आमच्या भागाच्या पावसाच्या चालीत आहे. उन्हाळाभर तापलेल्या मातीवर वळवाचा, मग मृगाचा पहिला पाऊस पडला की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि मातीतलं साठलेलं सेंद्रिय नत्र मोकळं करतात. गवत जूनमध्ये आपोआप हिरवंगार होतं ते यामुळे. त्या वेळी युरियाची घाई नको. जुलैच्या झडीत उघडीप मिळून वाफसा आला, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची झाली, तर थोडं द्यावं, नाही तर थांबावं. गणपतीनंतर पाऊस ओसरतो, माती ओली असते आणि ऊन परत आलेलं असतं. वर्षभरातला सगळ्यात चांगला हप्ता तो. नोव्हेंबरपासून पाणी आपल्या हातात असतं, तेव्हा युरिया टाकायचा आणि त्याच संध्याकाळी पाणी सोडायचं.

कापणीनंतर लगेच टाकण्याचीही सवय मोडावी लागली. पानं गेली की गवताचं स्वयंपाकघरच बंद पडतं. पहिले काही दिवस ते बुडख्यात आणि मुळांत साठवलेल्या शिदोरीवर नवे कोंब काढतं, मुळांची नत्र ओढण्याची ताकद तेव्हा कमी असते. मामा आता चार-पाच दिवस थांबतात, हिरव्या कोंबांची टोकं दिसू लागली की पालापाचोळा ओळींच्या मध्ये ओढतात आणि मगच युरिया देतात. फार लांबवूनही चालत नाही, फुटवे ठरतात ते याच दिवसांत.

किती, याचं गणित साधं आहे. नेपिअरसाठी प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी १० किलो नत्र, म्हणजे सुमारे २२ किलो युरिया. ४५ किलोच्या गोणीतला जवळपास अर्धा भाग एका एकराला पुरतो. गुंठ्याला साधारण ५५० ग्रॅम, दह्याच्या अर्ध्या किलोच्या डब्यापेक्षा थोडं जास्त. मामांनी दहा गुंठ्यांवर अर्धी गोणी फेकली होती, म्हणजे चौपट. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, स्वस्त वाटते, आणि हात सैल सुटतो.

हात सैल सुटल्याने पैसा जातो त्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे जनावराला होणारा धोका. नत्र जास्त आणि पाण्याचा ताण, अशी जोडी जमली की गवत नायट्रेट ओढतं, पण त्याचं प्रथिन करू शकत नाही. ते खोडाच्या खालच्या भागात साठतं. म्हशीच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि रक्त चॉकलेटी पडतं. जनावर धापा टाकतं, थरथरतं, हिरड्या निळसर-तपकिरी दिसतात. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, पशुवैद्यकाला तातडीने बोलवावं. मिथिलीन ब्लूची सलाईन वेळेत मिळाली तर जनावर वाचू शकतं. लांबलेल्या उघडिपीनंतर पाऊस पडला, तर पहिले काही दिवस गवत कापू नये. कापावंच लागलं तर बुडापासून थोडं वर कापावं आणि भाताच्या पेंढ्यात मिसळून कुट्टी घालावी.

हे सगळं नीट केलं तरी एक हिशेब उरतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. चांगल्या वयाच्या नेपिअरमध्ये साधारण २० टक्के शुष्क भाग असतो आणि त्यात सुमारे ८ टक्के प्रथिनं. प्रथिनांना ६.२५ने भागलं की नत्र मिळतं. दहा गुंठ्यांतून एका कापणीला अडीच टन हिरवा चारा निघाला, तर त्याबरोबर सुमारे ६.४ किलो नत्र शेताबाहेर जातं. शिफारशीने आपण परत देतो अडीच किलो. उरलेलं जवळपास चार किलो मातीच्या ठेवीतून येतं, शेणखतातून येतं, थोडं हवेतून.

हवेतून येतं हे सिद्ध करण्यात जोहाना डोबराइनर या संशोधिकेचा मोठा वाटा. ब्राझीलमध्ये काम करताना त्यांनी दाखवलं की उष्ण प्रदेशातल्या गवतांच्या मुळांशी ॲझोस्पिरिलमसारखे जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र बांधतात. शेती सेवा केंद्रात जिवाणू खत म्हणून मिळतं ते हेच. त्याने मदत होते, पण ते शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरच्या, नत्र बांधणाऱ्या गाठींची बरोबरी करत नाही. गवताच्या कडेने स्टायलो किंवा सुबाभूळ अशी शेंगवर्गीय चाऱ्याची झाडं लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

ब्राझीलवरून आठवलं, तिथल्या अफाट कुरणांत आफ्रिकेहून आणलेली ब्रॅकिएरिया गवतं आहेत. आपल्या तबेल्यांमागचं पॅरा गवत याच कुळातलं. यांतल्या ह्युमिडिकोला जातीची मुळं ब्रॅकिॲलॅक्टोन नावाचं द्रव्य मातीत सोडतात आणि अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना रोखून धरतात. जपान आणि कोलंबियातल्या संशोधकांनी हे २००९मध्ये प्रसिद्ध केलं. आपण नीम फासून जे साधायला बघतो, ते हे गवत मुळातूनच करतं. मला ही गोष्ट वाचून खरोखर आनंद झाला होता. नत्र टिकवायची धडपड फक्त माणसाची नाही.

पण आमच्या भागात नत्र माणूसच वाहून नेतो. ठाणे आणि पालघरच्या माळांवरचं वाळलेलं गवत पिढ्यान्‌पिढ्या कापून, वखारीत दाबून, गाठी बांधून मुंबई-ठाण्याच्या तबेल्यांकडे जात आलं आहे. डोंगरगवत निकस, प्रथिनं चारेक टक्के, तरी एक टन वाळल्या गवतातून सहा-साडेसहा किलो नत्र जातं, म्हणजे जवळपास १४ किलो युरियातलं. माळावर परत काही येत नाही. त्यात वणवा लागला की पालाश (पोटॅशियम) आणि स्फुरद (फॉस्फरस) निदान राखेत राहतं, नत्र मात्र धुरातून जातं. भाताच्या रोपवाटिकेसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतात, तो राब भाजतानाही हेच होतं. माळ दरवर्षी बारीक होत जातो, तो चराईने नव्हे, या एकतर्फी वाहतुकीने.

आणि तबेल्यात काय होतं? म्हैस खाल्लेल्या नत्राचा लहानसा भाग दुधात देते. तीन-चतुर्थांशाहून जास्त शेण-मूत्रातून बाहेर पडतं आणि मूत्रातलं नत्र बहुतांशी युरियाच्याच रूपात असतं, गोणीतला रेणू आणि हा रेणू एकच. कल्याण-भिवंडी पट्ट्यातल्या किती तबेल्यांत ते पाण्याच्या पाइपने धुऊन गटारात सोडलं जातं, हे रस्त्याने जाताना दिसतं. उल्हास नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, त्याला मुख्यतः शहरांचं सांडपाणी पोसतं, पण गोठ्यांचं नत्रही त्याच पाण्याला मिळतं. माळावर गवत पिवळं आणि नदीत जलपर्णी गर्द हिरवी.

मामांच्या गोठ्याची मोरी पूर्वी मागच्या ओहोळात उतरायची. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघांनी कुदळीने पन्नास-साठ फुटांचा चर काढला, उताराच्या बाजूने, थेट नेपिअरच्या वरच्या बांधापर्यंत. तोंडाशी एक खड्डा, त्यात पालापाचोळा आणि भाताचं तूस, म्हणजे मूत्र त्यात मुरतं आणि वास कमी होतो. सिंचनाचं पाणी सोडताना त्यातलं थोडं सोबत जाऊ द्यायचं. खड्ड्यातला पाला काळा पडला की तो टोपलीने ओळींमध्ये टाकायचा. मामा आता कापणीमागे दहा गुंठ्यांना चार किलो युरिया मोजून घेतात, तेही वजनकाट्यावर.

मार्चमध्ये गेलो तेव्हा चराजवळच्या पहिल्या दोन ओळी बाकीच्यांपेक्षा वितभर उंच होत्या आणि पानांचा रंग गडद होता. मामी तिथलाच भारा विळ्याने कापत होती. मी खड्ड्यावर वाकून वास घेतला. अमोनिया अजून होता, थोडासा. मामा म्हणाले, "अजून तूस टाकायला हवं." आणि टोपली घेऊन गिरणीकडे निघाले.